रिकाम्या वाटीतल्या पेशी

"अकरा माणसांत क्रिकेटचा संघ होतो, पुरावा होत नाही," असं ती एकदा भरल्या बैठकीत म्हणाली, आणि त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव पडलं शंकासुर.

कारखाना धाकट्या भावाचा. हळदीतला पिवळा अर्क कॅप्सुलीत भरायचा आणि खोक्यावर 'गुडघ्यांना नवा जन्म' छापायचं, हा धंदा. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली: एक सिंक, एक फ्रिज, रंग मोजणारं यंत्र, आणि ती. बावीस वर्षं तिने तिथे इतरांच्या उतावळेपणाची भांडी घासली.

नव्या खोक्यासाठी अहवालावर तिची सही हवी होती. विष घातलेल्या पेशी अर्काने जगल्या, असं अहवाल सांगत होता. यंत्राला जगणं-मरणं कळत नाही. द्रव जितका गडद, तितक्या पेशी जिवंत, एवढीच त्याची अक्कल. म्हणून तिने एका वाटीत नुसता अर्क घातला, पेशी एकही नाही. अर्काच्याच रंगाला भुलून यंत्राने तिथेही जिवंतांची झुंबड दाखवली.

"पेशीच नाहीत, तर जगलं कोण रे?" तिने भावाच्या केबिनमध्ये विचारलं.

"ताई, तुला दुधात केस शोधायची सवयच आहे. हळद काय वाईट असते?"

"हळदीत गुण असेलही. तुझ्या कागदात नाही. आणि कॅप्सूल देऊन तपासलेली ती अकरा माणसं तुझेच कामगार. मालकासमोर कोण म्हणणार, गुडघा दुखतो?"

"मग आई? आई जिना चढून आली की नाही?"

खोक्यावरच्या फोटोसाठी पावडर लावून बसलेली आई दचकली.

"आई, गुडघेदुखीची जुनी गोळी बंद केलीस?" तिने विचारलं.

"छे गं! ती सोडली तर उठवेल का मला? कॅप्सूल ह्याच्यासाठी घेते. पोराचं मन कशाला मोडायचं?"

भाऊ कोडगेपणाने हसला. "गोळीचं कुठे छापायचंय! सही कर, नाहीतर उद्यापासून दुसरी बाई बघतो."

तिने आईकडे पाहिलं. इतकं स्वच्छ बोलून गेलेली ही बाई आता तरी आपल्या बाजूने बोलेल, असं तिला वाटलं. आईने पेन पुढे सरकवलं.

"कर ना गं. एवढी शिकलीस, घराला काही उपयोग नको?"

तिने पेनाला टोपण लावलं, ते आईच्या मांडीवर ठेवलं, आणि अंगावरचा पांढरा कोटही न काढता फाटकाबाहेर निघून गेली.