एक बोट की पंजा

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो दवाखान्याकडं बघत नाही, सरळ बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत जनकाबाईचं दार धरतो. जनकाबाई पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी काढून आली, तेवढीच तिची पदवी. पायाळू माणसानं दुखऱ्या जागी टाच लावली की उसण उतरते, असं आमच्याकडं सगळे मानतात. न मानणाराही कण्हत येतो अन् गुमान पालथा पडतो.

नुसत्या पायावर मात्र ती भागवत नाही. परसात निर्गुडी आहे. पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा, शेकायचं. करडईच्या तेलात लसूण अन् ओवा काळा पडेस्तोवर कडवायचा, ते तेल चोळायचं. डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लेप, दाढेला लवंग. बोलणं तिचं औषधाहून कडू. सोयाबीनचे कट्टे उचलून कंबर धरलेल्या गड्याला ती आधी चार शिव्या घालते, मग शेकते. तरी माणसं येतातच. गरज सरो अन् वैद्य मरो म्हणतात, पण इथं गरज सरेल तेव्हा ना!

टाच टेकवायच्या आधी तिचा एक सवाल असतो, कुठं दुखतं ते दाखव. माणसानं एका बोटानं जागा दाखवली तर पालथा हो म्हणते. छातीवर अख्खा पंजा ठेवून 'इथं सगळं' म्हणाला तर पाय आवरते अन् दवाखान्यात न्यायला जीप बघायला लावते.

हे तिला कुण्या गुरूनं शिकवलं नाही. बारा वर्षांमागं तिचा नवरा जळबा तुरीच्या शेतातून भर दुपारी घरी आला, उसण भरली म्हणाला. हात छातीवर होता, पंजा पसरलेला. तिनं त्याला पालथं पाडून टाच लावली, शेक दिला. दिवस मावळायच्या आत जळबा गेला. हृदयाचा झटका होता, तासभर आधी आणायचं होतं, असं डॉक्टर म्हणाला. त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. तो तास कशात गेला हे जनकाबाईनं कुणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. वर्षभर तिनं कुणाला पाय लावला नाही. मग हा बोटाचा नेम धरला अन् पुन्हा सुरू केलं.

गेल्या साली हरभरा काढणीच्या दिवसांत सकाळी सकाळी शेषराव आला. जळबाचा थोरला भाऊ, म्हणजे जनकाबाईचा भाया. आता धाकट्या भावाच्या बायकोचा पाय भायाच्या अंगाला लागायचा म्हणजे केवढी गोष्ट! तीस वर्षांत कितीदा त्याची पाठ धरली, पण गड्यानं पाला नेला, तेल नेलं, पाय लावून घेतला नाही. त्या दिवशी आपणच सदरा काढला, घामानं निथळत होता, अन् लाव पाय म्हणाला. जनकाबाईनं ओळखलं. एवढा मानी माणूस लाज सोडतो म्हणजे तकलीफ साधी नाही. तिनं पदर सावरून विचारलं, कुठं दुखतं? शेषरावनं छातीवर पंजा ठेवला.

हिंगोलीला चला, ती म्हणाली. तिचा मुलगा प्रमोद जीप चालवतो, जीप दारातच उभी होती. पण शेषरावला दवाखान्याचं वावडं. साऱ्या गावाला पाय लावतेस अन् घरच्यालाच काहून नाही, म्हणून तो चिडला. एकदा लाव की माय, मग नेतो, असं प्रमोदही म्हणाला. सून शीतलनं त्यात भर घातली. तोवर शेषराव ओसरीवर पालथा पडलासुद्धा.

ओढून न्यावा तर गडी आडमाप, समजवावं तर अडेलतट्टू. त्याला उठवील अशी एकच गोष्ट जनकाबाईजवळ होती, अन् ती बोलायची म्हणजे पोराच्या तोंडावर बोलायची. तिला भ्या वाटलं, फार वाटलं.

"दादा, तुमच्या भावाला मी पाय लावला होता," ती म्हणाली. "असाच पंजा होता छातीवर. मी शेकत बसले, अन् ते गेले. तुमाला न्हाई लावणार."

शेषराव हळूहळू उठला, सदरा खांद्यावर टाकला अन् जीपमध्ये जाऊन बसला. प्रमोदनं आईकडं न बघता किल्ली फिरवली.

हिंगोलीहून शेषरावला नांदेडला न्यावं लागलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, माणूस वाचला. प्रमोद तिसऱ्या दिवशी परत आला. जनकाबाई परसात निर्गुडीचा पाला खुडत होती. आता पोरगं तुटलं आपल्यापासून, हेच तिच्या मनात तीन दिवस चाललं होतं. तो येऊन शेजारी उकिडवा बसला. मोठ्या बाबांना बरं आहे म्हणाला. मग तोही पाला खुडू लागला.

"माय, पाय लावल्यावर बाबा काय म्हणले?"

"बरं वाटून राहिलं म्हणले," जनकाबाई म्हणाली. "भूक लागली, भाकर टाक म्हणले. मी भाकर टाकून राहिले होते, लेकरा."