दोन सरकारांचा बांध

ठाण्याहून सुटलेली एस.टी. शीळच्या पुढे गेली तशी दोन्ही बाजूंना भातखाचरे दिसू लागली. शेजारच्या बाईंनी विचारले, "एकट्याच?" मी नुसती मान हलवली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. अनोळखी माणसांशी बोलणे मला जमत नाही, आणि निघाले होते ते त्यासाठीच. केंद्र आणि राज्य यांच्यातील अधिकारवाटणीवर मी प्रबंध लिहीत होते. "खेड्यातली साक्ष आणा, नाहीतर शिष्यवृत्ती थांबेल," असे सरांनी बजावले होते.

मिठाचे खाते दिल्लीचे, शेतीचे मुंबईचे. पनवेलच्या खाडीवर एकाच बांधाच्या एका अंगाला मिठागर आणि दुसऱ्या अंगाला भातशेती होती.

टांग्याने तिथे पोहोचले, तर बांधाला मोठी खांड (भगदाड) गेलेली. काठावर नामाबाबा नावाचे वृद्ध शेतकरी उभे होते. बांध कोणाचा, असे मी विचारले. माझे इंग्रजी शाळेतले अडखळते मराठी त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

"मिठागराचा, बाई. पयल्यापासून."

मी ते लिहून घेतले आणि मुंबईच्या कॉलेजातून आल्याचे सांगितले.

"मुंबईची? दिल्लीची नाय?"

"नाही."

"मंग शेतीचा हाय."

त्यांच्यामागे जमलेल्या बायका खदखदून हसल्या. माझे कान तापले.

तरी त्यांनी मला घरी जेवायला नेले. तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोलंबी) चविष्ट होता, पण माझे लक्ष पिशवीकडे होते. ती कोणीतरी आत नेली होती. "मांजर वढील म्हनून उचलली," असे म्हणत नामाबाबांची सून पार्वती ती घेऊन आली. आतले कागद उलटे लागले होते. मी ते सरळ लावून ठेवले.

"सरकारी शिक्का नाय तुझ्या कागदावर," पार्वती म्हणाली. "म्हनून सांगते. मिठाचा सायेब आला का आमी बोलतो, बांध तुमचा. मामलेदार आला का त्याला पन तेच. कुनीतरी एक बुजवील! तू दोनी छापलंस तं दोगंबी हात वर करतील. उधानाला खारं पानी शेतात शिरलं, का आमी खावं काय?"

"पण खरा कोणाचा?"

"माझ्या आजसासऱ्यानं घातलेला."

नामाबाबांनी तिच्याकडे डोळे वटारले. हे खरे होते, की माझ्यासाठी शोधलेले तिसरे उत्तर? मला आजही सांगता येणार नाही.

मुंबईला परतल्यावर सरांनी साक्ष मागितली.

"लोक नीट बोलले नाहीत," मी म्हणाले.

"मग गेला होतात कशाला?"

शिष्यवृत्ती थांबली. एका शाळेत शिकवत मी प्रबंध पुरा केला. त्यातली सगळी उदाहरणे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची आहेत. ती कोणी तपासायला जात नाही, आणि त्यांच्यामुळे कोणाचे शेतही बुडत नाही.

यंदा पुन्हा त्या रस्त्याने गेले. टांगेवाल्याला खाडीवर थांबायला सांगितले. खांड बुजली होती आणि आतल्या बाजूला भात उभे होते. म्हणूनच आता हे लिहिते आहे. बांध कोणत्या सरकारने दुरुस्त केला, हे मात्र मी कोणालाही विचारले नाही.