पाटावरचा गिटारवाला

जगात गिटार वाजवणारे हजारो असतील. बसून, नाचत, डोळे मिटून, कसेही वाजवणारे असतील. पण पाटावर उभं राहून गिटार वाजवणारा माणूस देवाने एकच घडवला, आणि तोही अमरावती सोडून अकोल्यात नेऊन ठेवला, याचं मला अमरावतीकर म्हणून आजही वाईट वाटतं. हा माझा मामेभाऊ. पाट म्हणजे आपला जेवायला बसायचा पाट. मेळघाटच्या सागाचा, चांगला जाडजूड, मामीच्या लग्नातला. मुंबईच्या ज्या हॉटेलात लोक इंग्रजी गाण्यांवर नाचायला येत, तिथे आमचे हे भाऊसाहेब घट्ट पँट, टोकदार बूट, केसांचा कोंबडा, गळ्यात विजेची गिटार आणि पायाखाली जेवणाचा पाट अशा थाटात उभे राहत. तिथल्या मॅनेजरला सुरुवातीला वाटलं, ही यांच्याकडची काही पूजा असेल. तो बिचारा पाटाजवळून जाताना बूट काढायचा. भाऊनेही त्याला कधी खरं सांगितलं नाही, कारण विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा त्याचा स्वभाव, आणि विचारलं तरी अर्धंच सांगायचं हा त्याहून मोठा स्वभाव.

हा पाट त्याच्याबरोबर पिशवीतून गावोगाव हिंडायचा. एकदा मुंबईला जाताना पाट भुसावळच्या वेटिंग रूममध्येच विसरून राहिला. संध्याकाळी हॉटेलात लोक जमले, ढोलवाला तयार, पेटीवाला तयार, आणि हा म्हणतो, पाटाशिवाय तारेला हात लावणार नाही. शेवटी स्वयंपाकघरातून कुणीतरी पोळपाट आणून दिला. आता पोळपाट तो केवढा, त्यावर दोन पाय मावणार कसे? त्या संध्याकाळी भाऊने एका पायावर उभं राहून अख्खा कार्यक्रम वाजवला. नाचणाऱ्यांना वाटलं विलायतेतून काहीतरी नवीन आलं आहे, म्हणून तेही एका पायावर नाचायला लागले. म्हणे पुढे महिनाभर त्या हॉटेलात दोन पायांवर नाचणाऱ्याला मागासलेला समजत. ही हकिकत भाऊनेच सांगितलेली आहे, तेव्हा निम्मी सोडून द्या. पण पोळपाटाला चीर गेली होती हे खरं, कारण तो त्याने मला दाखवला आहे.

त्याची दुसरी खोड भोंग्याची. इतर वादक पेटीवर सूर जुळवतात. हा जिनचा भोंगा मनात आणायचा. अकोल्यात त्यांच्या घरामागे कापसातून सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी होती आणि तिचा भोंगा लहानपणापासून त्याच्या कानात बसला होता. मुंबईत कार्यक्रमाआधी तो डोळे मिटून, गाल फुगवून आधी ‘भोंऽऽ’ करायचा, मग त्या सुरात तारा पिळायचा. सोबतचे गोव्याकडचे वादक, चांगले नोटेशन वाचणारे, मुकाट्याने आपापली वाद्यं अकोल्याच्या भोंग्यात मिळवून घेत. मी त्याला म्हटलं, ‘आमच्या अमरावतीच्या जिनचा भोंगा जास्त सुरेल आहे.’ त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खाण्याचंही तेच. ठेचा-भाकर खाल्ल्याशिवाय बोटं चालत नाहीत म्हणायचा. एकदा ठेचा लागलेली त्याची गिटार कौतुकाने हातात घेऊन एका शौकिनाने भाबडेपणाने डोळा चोळला, आणि त्याला थेट नळाखाली न्यावं लागलं.

पण पाटाचं हसू आलं तरी मी फार वेळ हसत नाही. माझा मामा त्याच जिनमध्ये फिटर होता. मशीन बंद आहे असं समजून त्याने हात लावला आणि ते बंद नव्हतं. भाऊ तेव्हा शाळेत होता. त्या दिवसापासून मामीने विजेशी बोलणं सोडलं. घरांच्या सगळ्या ओळीत दिवे आले, पंखे आले, रेडिओ आले. मामीच्या घरात कंदील. रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला वळसा घालून ती पलीकडून जायची. आमच्या घरी आली की दिव्याच्या बटणाकडे पाठ करून बसायची. टॉर्चलासुद्धा तिने कधी हात लावला नाही. अशा बाईच्या पोटी, बाप्पा, हा जन्माला आला, आणि याला आवडावी तरी विजेवर वाजणारी गिटार! आधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची साधी गिटार होती तोवर मामीने खपवून घेतलं. मुंबईला गेल्यावर याने वायरवाली घेतली, ते तिला कुणीतरी जाऊन सांगितलंच. सांगणाऱ्यांना अकोल्यात तोटा नाही. मामी रडली नाही, ओरडली नाही. लग्नातला पाट काढला, त्याच्या कोपऱ्यांवरची पितळेची फुलं सांडशीने स्वतः उपटली, कारण पितळेतून करंट जातो हे तिला माहीत होतं, आणि तो पाट त्याच्या हातात दिला. याच्यावर उभा राहून वाजवशील तर वाजव, नाहीतर मला तोंड दाखवू नको, एवढंच म्हणाली.

पाट दिला, पण गिटार उंबऱ्याच्या आत आणायची नाही हा कायदा कायम. अकोल्याला यायचा तेव्हा हा आधी अकोला ओलांडून अमरावतीला यायचा, गिटार माझ्या फोटो स्टुडिओत ठेवायचा आणि मग उलटा पाट तेवढा घेऊन घरी जायचा. त्याने मामीला परोपरीने समजावलं की वायर काढली की हे नुसतं लाकूड आहे, घरात बंद करून आणतो, एकदा ऐकून तर पाहा. त्यावर मामी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुह्या बापानंबी बंद हाये म्हनूनच हात लावला होता.’ तो जेवून उठला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, मुंबईत लोक शिट्ट्या वाजवतात, टेबलं बडवतात, त्या सगळ्यांचं काय करू? मायनं एकदा ऐकलं पाहिजे. बाकी त्याला काही नको होतं. पैशाचा नाही, नावाचा नाही, पण या एका गोष्टीचा त्याने ध्यास घेतला होता, आणि वर्षं जात होती.

मग अकोल्याच्या पोरांनी उठाव केला की आपला माणूस मुंबई गाजवतो आणि आपण त्याला ऐकलंच नाही, तर त्याचा कार्यक्रम गावात झालाच पाहिजे. शाळेचं मैदान ठरलं, कर्णे ठरले, आणि मी माझा सिनेमाचा छोटा कॅमेरा घेऊन निघालो. हा कॅमेरा आफ्रिकेतून परतलेल्या एका गृहस्थाकडून मी घेतला होता. घड्याळासारखी चावी द्यायची आणि चालवायचा. त्यात चित्र यायचं, आवाज यायचा नाही. मी त्यांना सांगून ठेवलं की कार्यक्रम उन्हात करा, दिवेलागणीनंतर कराल तर पडद्यावर काळी आमटी दिसेल. म्हणून दिवाळीनंतरच्या एका दुपारी, चांगलं ऊन असताना, अकोल्यात रॉक अँड रोल झालं. तेल्हाऱ्याहून, अंजनगावहून लोक आले होते. त्यांतल्या निम्म्यांना वाटत होतं की विजेची सतार येणार आहे आणि बहुतेक वाजवणाऱ्याला झटका बसणार आहे. तो पाहायलाच ते आले होते.

आणि मामी आली. सकाळी भाऊने तिला नुसतं सांगितलं होतं, ये म्हणाला नव्हता. तिने पातळ बदललं आणि म्हणाली, ‘मी आयकाले नाही येत. तू पाटावर उभा राहतं का नाही, थे पाहाले येतो.’ बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसली. मी कॅमेऱ्याच्या भिंगातून तिला चांगली पाहत होतो. भाऊने सुरू केलं, कर्णे थरथरले, पोरं उठून नाचायला लागली, एका म्हाताऱ्याची टोपी पडली ती त्याला सापडेना. आणि मामी मात्र एकटी खाली पाहत होती, पाटाकडे. एवढ्या वेळात तिने मुलाचं तोंड एकदाही पाहिलं नाही. कानांवर तर पदर घट्ट ओढून घेतला होता. भाऊ वाजवत होता आणि मधून मधून तिच्याकडे बघत होता. मला कळत होतं की हा कार्यक्रम त्याच्या हातून निसटत चालला आहे. लोक खूश होते आणि तो हरत होता.

तेवढ्यात लाइट गेली. अकोल्याची लाइट जायला काही कारण लागत नाही. कर्णे घशात काहीतरी अडकल्यासारखे थांबले. मैदानात गलका झाला, लोक उठून शेंगदाणेवाल्याकडे निघाले, कुणीतरी सायकलवरून बातमी आणली की अख्ख्या गावाची गेली आहे, बाजाराचीही गेली, जिनचीही गेली. माझा कॅमेरा चावीचा, तो चालू होता, म्हणून मी तो तसाच मामीवर धरला. तिने ती बातमी ऐकली. शेजारणीला पुन्हा विचारून घेतली. मग पदर कानावरून मागे सारला, उठली, आणि सरळ स्टेजपाशी गेली. भाऊने वायर काढून बाजूला टाकली होती. एकट्या मशीनचं बंद होणं तिला पटत नव्हतं. अख्ख्या अकोल्याचं पटलं. ती त्याला म्हणाली, ‘वाजव आता.’

तो पाटावरून उतरला, तो पाट तिच्यासाठी स्टेजच्या कडेला मांडला, आणि स्वतः खाली बसून वाजवायला लागला. ज्यांनी विजेची गिटार पाहिली आहे त्यांना माहीत असेल, करंट नसेल तर तिचा आवाज डब्यात टाचण्या हलवल्याएवढा येतो. मी जवळ उभा असून मला धड ऐकू आलं नाही. तिला ऐकू आलं, कारण ती वाकून, जवळजवळ कान टेकवून बसली होती. त्याने तेच वाजवलं जे आधी वाजवत होता, तिच्यासाठी काही ओव्या-बिव्या नाही. मामी शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘इतका तं चांगला आवाज हाये. याले करंट कायले पाह्यजे?’ भाऊ हसला, मान खाली घातली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भिंगाआड होतो म्हणून माझं कुणाला दिसलं नाही.

मग लाइट आली. कर्णे एकदम कोकलले, मामी दचकून उठली, आणि पळण्याऐवजी तिने काय करावं? पाट उचलला, त्याच्या जागेवर नेऊन ठेवला, सरळ केला, आणि त्यावर हाताने थापटलं. उभा राहा म्हणून. तो उभा राहिला. तिथे माझं रीळ संपलं. पुढे त्याने काय तुफान वाजवलं ते मी तुम्हाला दाखवू शकत नाही. ते अकोल्यातल्या लोकांना विचारा, ते जरूरीपेक्षा जास्त सांगतील.

मुंबईहून रीळ धुऊन आलं तेव्हा मी मामीला म्हटलं, चल, अमरावतीला स्टुडिओत दाखवतो. ती म्हणाली, म्या तं खरं पाह्यलं, आता भिंतीवरचं काय पाहू? आणि खरंच तिने ती फिल्म कधी पाहिली नाही. भाऊ मात्र सुट्टीत आला की यायचा. मुकी फिल्म त्याला सहन होत नसे, म्हणून पडद्यावर स्वतःला वाजवताना बघत तो इकडे बसल्या जागी खराखुरा वाजवायचा, म्हणजे उभ्या जागी, पाटावर. पडद्यावरचा भाऊ चुकला की इकडचा भाऊ त्याला शिव्या द्यायचा. माझ्या गिऱ्हाइकांची फुकट करमणूक व्हायची आणि फोटो काढायचे राहून जायचे.

काही वर्षांनी मामी गेली, साध्या तापाने. वर्षभराने भाऊने घरात वीज घेतली. घेतली म्हणजे शेजाऱ्यांनी घ्यायला लावली. घरी आला की तो कंदिलावरच खूश असायचा. मला बोलावणं आलं की फिल्म दाखवायचं मशीन घेऊन ये, फिल्म घरी पाहायची आहे. त्या घरात पहिल्यांदाच वायरवाली गिटार उंबऱ्याच्या आत आली. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीवर, जिथे मामीचा कंदील टांगलेला असायचा तिथेच, मी फिल्म लावली. ओळीतली सगळी माणसं दाटीवाटीने बसली होती. भाऊ पाटावर उभा राहून वाजवत होता, खोली दणाणत होती, पोरं मागे नाचत होती. भिंतीवर लोक उठून शेंगदाणेवाल्याकडे निघाले, आणि इकडे खोलीत भाऊने वाकून गिटारची वायर उपटली.

आवाज एकदम बसला. माझ्या मशीनची खडखड तेवढी उरली. भिंतीवर मामी उठली, पदर मागे सारत स्टेजपाशी आली, वाकली. इकडे भाऊ पाटावरून उतरला आणि भिंतीजवळ खाली बसून तसाच वाजवत राहिला, आणि वायर त्याने पुन्हा लावली नाही. भिंतीवर मामी दचकून उठली, तिने पाट थापटला, रीळ संपलं, भिंत पांढरी झाली, तरी त्याचं चालूच. मागून शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, ‘काहून भाऊ, लाइट गेली काय?’

‘नाही गेली,’ भाऊ मान वर न करता म्हणाला. ‘माय आयकून राहिली. थांबा जराक.’

मी मशीन बंद केलं. मग आम्ही सगळेच सरकून थोडे जवळ बसलो.