धडधडसरांचे कान

हृदयरोग विभागाच्या प्रमुखांना सगळं मेडिकल कॉलेज पाठीमागे 'धडधडसर' म्हणायचं. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. प्रमुख झाल्यापासून त्यांचा निम्मा दिवस मीटिंगांत जायचा. कुठल्या खोलीतला एसी गळतो, कुणाची रजा कुणाच्या रजेवर आदळते, असल्याच भानगडी. शोधनिबंधही त्यांनी ढीगभर लिहिले होते. ते त्यांचे विद्यार्थी वाचायचे, तेही परीक्षेच्या धाकाने. पण जीव अडकलेला होता तो सकाळच्या राउंडमध्ये. एवढी यंत्रं आली, तरी छातीला स्टेथोस्कोप लावून 'ही झडप गळतेय' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस कॉलेजात एकच, आणि तो म्हणजे आपण, याचा त्यांना भारी तोरा. त्या कानांच्या जोरावरच साध्या लेक्चररचे ते विभागप्रमुख झाले होते.

साठी जवळ आली तशी मात्र मनात धास्ती बसली. कान गेले तर? बायकोच्या हाका हल्ली ऐकू येत नसत. अर्थात त्या पूर्वीही येत नसत.

एका सकाळी सर लेकीने पाठवलेला कोरा स्टेथोस्कोप गळ्यात घालून ऐटीत राउंडला निघाले. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांच्या हृदयाची झडप गळत असल्याचं एको तपासणीच्या रिपोर्टमध्ये आलंच होतं. सरांनी छातीला स्टेथोस्कोपची चकती लावली. सामसूम! सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मागे अख्खा विभाग उभा.

"ऐका," सर रिपोर्ट आठवून म्हणाले. "रक्त मागे गळतंय. हुश्श, हुश्श!"

विभागाची एक रीत होती. सरांनी ऐकलं की सरांच्याच स्टेथोस्कोपने सगळ्यांनी ओळीने ऐकायचं. सहयोगी प्राध्यापकांनी डोळे मिटले. "वा सर, काय स्पष्ट आहे!"

"आवाज शेवटी किंचित चढतोय, सर," लेक्चररबाई म्हणाल्या.

निवासी डॉक्टरांपैकी एकाने तर खाटेच्या दांडीवर बोटाने ताल धरला. आजोबा घाबरले. "अहो, एवढा आवाज होतोय तर मला कसा नाही ऐकू येत?"

संध्याकाळी सर घरी आले ते पडेल चेहऱ्यानेच. "उद्या राजीनामा देतो," ते बायकोला म्हणाले. "सगळ्यांना ऐकू आलं गं, मला सोडून. माझे कान गेले." आणि पुरावा म्हणून त्यांनी तिच्या छातीला चकती लावली. "बघ, तुझं हृदयसुद्धा ऐकू येत नाही."

"ते तुम्हाला इतक्या वर्षांत कधी ऐकू आलंय?" असं म्हणत तिने फणकाऱ्याने चकती ओढली. ओढताना ती टक्‌कन फिरली, आणि पुन्हा छातीला टेकताच सरांच्या कानांत धाडधाड सुरू झालं. सरांच्या जुन्या स्टेथोस्कोपला एकच तोंड होतं. याला दोन होती आणि एका वेळी एकच उघडं राहायचं. सकाळी सर बंद तोंडानेच ऐकत बसले होते.

"गेले नाहीत! कान गेले नाहीत!" म्हणत सरांनी बायकोला हात धरून गरकन फिरवलं. दुसरी गिरकी मात्र अर्ध्यावरच थांबली.

"अगं, मग त्या सगळ्यांनी काय ऐकलं?"

सरांचं जेवणावरून मन उडालं. ही माणसं त्यांनीच घडवली होती. उद्या हीच एकेकटी पेशंट तपासणार होती. सरांना त्यांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आजोबांच्या खाटेभोवती गोळा केलं. "काल स्टेथोस्कोप बंद होता," ते म्हणाले. "मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं. मी रिपोर्टवरून ठोकून दिलं. चूक माझी. पण यापुढे मला तुमचे स्वतःचे कान हवेत. माझ्या 'हो'ला 'हो' चालणार नाही. कळलं?"

सहयोगी प्राध्यापकांनी घसा खाकरला.

"अगदी बरोबर, सर. काल काहीच ऐकू येत नव्हतं."

"मुळीच नाही, सर," लेक्चररबाई म्हणाल्या.

"हो सर," निवासी डॉक्टर एका सुरात म्हणाले.

सर मटकन खाटेवर बसले. आजोबांनी सरकून जागा दिली.