गंधकानं काळा पडलेला खंडोबा

कम्युनिटीतल्या द्राक्षवाल्यांनो, गंधकाची पिशवी देव्हाऱ्याजवळ ठेवू नका!

द्राक्षांच्या भुरी रोगावर मारायचा गंधक कोरडा राहावा म्हणून मी तो महिनाभर देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला होता. उद्या घट बसणार, म्हणून आज आईनं चांदीचे टाक खाली काढले, तर खंडोबा कोळशासारखा काळा!

आईनं घासायला रांगोळी घेतली. टाक दरवर्षी तीच घासते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. घासून घासून खंडोबाचे नाक-डोळे आधीच पुसट झालेत.

"आई, थांबा," माझी बायको म्हणाली. ती नाशिक रोडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. "गंधक चांदीला धरलाय, म्हणून काळं दिसतंय. घासलं तर त्याच्याबरोबर चांदीही जाईल."

तिनं चिनी मातीच्या वाडग्यात पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद अंथरला. त्यावर टाक ठेवला, मीठ आणि खायचा सोडा टाकून कढत पाणी ओतलं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

आईनं नाकाला पदर लावला. "अगं, देवापुढं हा कसला वास?"

"गंधक चांदीला सोडून कागदाला धरतोय, आई."

बघता बघता खंडोबा उजळला. घोड्याचा लगामसुद्धा दिसायला लागला! मी बायकोकडं बघतच राहिलो.

आईनं टाक बराच वेळ निरखला. मग रांगोळीची वाटी बाजूला सारली आणि बाकीचे सगळे टाक सुनेपुढं ठेवले. "हे आता तुझ्याकडं. पण आधी खिडकी उघड."

तुमच्या घरी देव कोण उजळतं, मंडळी? आमच्याकडं आजपासून सूनबाई.