घर विकणे आहे

घर विकायला काढलं की गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल, किस्से आधी येतात. मार्चपासून आमच्याकडे इतके जमलेत की पुण्याहून आमच्या मुलीचा, प्राचीचा, रोज फोन येतो तेव्हा ती "कशी आहेस" असं विचारतच नाही. "आज काय झालं?" असंच विचारते. मी सांगते, ती पोट धरून हसते, आणि फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. तीही रडत असेल, पण मी विचारलेलं नाही.

कारण सांगून टाकते. आमच्या ह्यांना दोन वर्षांपासून विसरायला होतं. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. मी अडुसष्टची, माझे गुडघे आधीच बोलतात. प्राचीच्या दारासमोरचा फ्लॅट रिकामा आहे आणि त्याचा मालक दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला आहे. त्याआधी आमचं मानेवाड्याचं घर गेलं, तर आम्ही लेकीच्या समोर राहू. नाही गेलं, तर मी आहे आणि हे आहेत.

*

आमचा दलाल राजू. वय पस्तीस, दोन मोबाइल, आणि कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडे पाहतो. पहिल्याच दिवशी सगळं घर फिरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, घर मजबूत आहे. पण यात तुम्ही लोकं फार दिसून राहिले."

मी म्हटलं, "बावा, आमचंच घर आहे. आम्ही नाही तर कोण दिसणार?"

"तेच त सांगून राहिलो न. पाहणाऱ्याले त्याचं घर वाटलं पाहिजे. फोटो काढा, कॅलेंडर काढा, ते विणलेले रुमाल काढा. देव राहू द्या, पण दोनच."

आमच्याकडे अकरा देव. नऊ जण जुन्या साडीत गुंडाळून पेटीत गेले. लग्नाचा फोटो, प्राचीचे फोटो, ह्यांच्या निवृत्तीच्या वेळचा हार घातलेला फोटो, सगळं गोण्यांत भरलं. हे खुर्चीवर बसून पाहत होते.

"कोण चाललं?" त्यांनी विचारलं.

"आपण. प्राचीकडे."

"मग घर कोण पाहील?"

हा प्रश्न त्यांनी त्या दुपारी पाच वेळा विचारला. पाचव्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. ते घाबरले आणि गोणीचं तोंड बांधायला मला मदत करू लागले. एवढं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

*

मग रंग. आमचा हॉल गुलाबी, बेडरूम पिस्ता आणि बाथरूमचं दार आकाशी. सगळे रंग ह्यांनी निवडलेले, दर दिवाळीला तेच. राजूनं फर्मान काढलं की सरसकट ऑफ व्हाइट.

पेंटर वासुदेवराव तीस वर्षं आमच्याकडे येतात. त्यांनी डबा उघडला, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, हा काय रंग आहे? लोकं म्हणतील, वासुदेव प्रायमर मारून पळून गेला."

तरी मारला बिचाऱ्यांनी. दारांनाही मारला. चार दिवसांत घर दवाखान्यासारखं स्वच्छ झालं आणि मी राजूला फोन करून छान दिसतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पॅसेजमध्ये उभे. समोर तीन पांढरी दारं. एक देवघराचं, एक कोठीचं, एक बाथरूमचं. इतकी वर्षं हा माणूस आकाशी दार पाहून बाथरूमला जात होता, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. कोठीतले गहू फेकावे लागले. ते मला म्हणत होते, "इथंच होतं वं सुमन. कोणी नेलं?"

मी बाथरूमच्या कडीला माझी निळी ओढणी बांधली. गिऱ्हाईक यायच्या आधी राजू ती सोडतो, गेल्यावर मी बांधते.

*

जरीपटक्याचे एक कापड व्यापारी आले. माणूस गोड बोलणारा, सोबत वास्तूवाला. वास्तूवाल्यानं मोबाइलवर दिशा पाहिल्या, स्वयंपाकघरात तीन मिनिटं डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, शेगडी फिरवली तर घर सोन्यासारखं आहे. राजूनं दोन दिवसांत ओटा फोडून शेगडी फिरवली. व्यापाऱ्यांनी दुसरीकडे घर घेतलं.

पुढच्या आठवड्यात दुसरे आले, त्यांचा वास्तूवाला दुसरा. त्यानं शेगडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ही कोणी फिरवली?"

ओटा पुन्हा फुटला. एका महिन्यात मी तीन दिशांना तोंड करून पोळ्या लाटल्या. पोळ्यांना काही फरक पडला नाही. ह्यांना मात्र पडला. ते रोज सकाळी चहासाठी जुन्या ओट्याच्या जागी येऊन भिंतीसमोर उभे राहू लागले.

*

बुटीबोरीच्या कारखान्यातले एक इंजिनीअर बायकोसह आले, तो दिवस मात्र सोन्यासारखा उगवला होता. बाईंना अंगण आवडलं. मी केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या तर इतक्या आवडल्या की त्यांनी कृती लिहून घेतली. राजू मला डोळ्यांनी सांगत होता, झालं काम.

तेवढ्यात हे बाहेर आले. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलं आहे. बायकोचं नाव कधीकधी सापडत नाही, पण घराच्या पायात किती ट्रक मुरूम पडला ते तोंडपाठ.

"इथं काळी माती," त्यांनी इंजिनीअरला प्रेमानं सांगितलं. "उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. घर दरवर्षी थोडं थोडं हलते. हे पाहा." आणि नव्या ऑफ व्हाइटवरून बोट फिरवत त्यांनी बुजवलेली भेग बरोबर शोधून दाखवली. "इथून वरपर्यंत. मी स्वतः भरली."

इंजिनीअर "फारच माहिती मिळाली" म्हणाले आणि चहा न घेता गेले. सांबारवड्या डब्यात घालून नेल्या.

राजू पायरीवर बसला. "काकू, काकाले पाहुणे येतेवेळी फिरायले पाठवत जा न."

"एकटे गेले तर परत येत नाहीत रे."

तेव्हापासून माणसं यायची असली की मी ह्यांना आतल्या खोलीत बसवते, टीव्ही लावते आणि बाहेरून कडी घालते. ज्यानं घर बांधलं, त्याला त्याच घरात लपवते. हे मी प्राचीला सांगितलेलं नाही.

*

मागच्या रविवारी उमरेडचे एक शिक्षक आले, सोबत बायको आणि म्हातारी आई. दसरा बारा दिवसांवर. राजूनं भाड्यानं आणलेला सोफा टाकला होता, खिडकीला नवे पडदे. मी ह्यांना आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट घातला, आत बसवलं. कडी घालायची मात्र राहिली.

मंडळी स्वयंपाकघरात होती. वळून पाहते तर हे त्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून. शिक्षकांनी खिडकी पाहिली, ह्यांनीही पाहिली. मग पुढे होऊन भिंतीवर बोटांनी ठोकलं, नळ सोडून धार पाहिली आणि राजूला विचारलं, "रजिस्ट्री क्लियर आहे न?"

राजूनं छताकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"बांधकाम चांगलं आहे," हे म्हणाले. "जाणत्या माणसाचं दिसते. असं घर आता मिळत नाही."

शिक्षकांच्या बायकोनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. ते राजूला अंगणात घेऊन गेले. खिडकीतून मला ऐकू येत होतं. "ते काका पण पाहून राहिले का? आम्ही आधी आलो न भाऊ. आपण आजच पक्कं करून टाकू."

राजूनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. घर गेलं.

मी तशीच ओट्याला टेकून उभी होते. हे माझ्याजवळ आले, दोन हात लांब थांबले, परक्या बाईसमोर थांबतात तसे.

"ताई, घर फार चांगलं आहे," ते म्हणाले. "एवढं चांगलं घर तुम्ही विकून काहून राहिले?"

मी ओटा पुसायला घेतला.

"मले पसंत आहे. पण मी एकटा काही ठरवत नाही. उद्या माझ्या बायकोले घेऊन येतो, तिलेही पाहू द्या."

"आणा," मी म्हटलं. "मी घरीच असते."