हळदीकुंकवाला दाबलेले खांदे

पाटी लावली आणि दोन-तीन दिवसांत फोन सुरू झाले. पुरुषांचे. पाटीवर ठळक अक्षरात ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलं होतं, तरीही. “मॅडम, मसाज आहे का? फुल बॉडी?” असं एकानं विचारायचं आणि मागून बाकीच्यांनी खिदळायचं. ‘मसाज’ हा शब्द तर मी मुद्दाम टाळला होता. ‘बॉडीवर्क थेरपी’ लिहून खाली मान, पाठ, खांदे, कंबर असं बारीक अक्षरात घातलं होतं. पण बाईनं अंगाला हात लावायचं काम काढलंय म्हटलं की मेल्यांना एकच काय ते सुचतं.

सासूबाई म्हणाल्या, “काढ ती पाटी. लोकांचे पाय दाबायलाच शिकायचं होतं तर पुण्याला एवढ्या खेपा कशाला घालत होतीस?”

त्याआधी कित्येक वर्षं मी एका फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली होते. मशीनच्या वायरी लावायच्या, शेकायच्या पिशव्या गरम करायच्या, आणि पेशंटचा खांदा मोकळा झाला की तो डॉक्टरांचे आभार मानत असताना आपण बाजूला उभं राहायचं. मला माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. म्हणून पुण्याला जाऊन-येऊन कोर्स केला, आणि सातपूरला आमच्याच कॉलनीत पिठाच्या गिरणीला लागून असलेली खोली घेतली. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. पण खोली माझी होती. ती चालली नसती तर पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली जायचं, एवढंच पुढे दिसत होतं.

संक्रांत तोंडावर आली होती. मनात आलं, हळदीकुंकू खोलीतच करू. कॉलनीतल्या बायका येतील, पांढरी चादर, भिंतीवरचा स्नायूंचा तक्ता, तिळाच्या तेलाची बाटली आपल्या डोळ्यांनी बघतील, आणि घरी जाऊन सांगतील की इथे वावगं काही नाही. आणि वाण? गाळण्या आणि प्लास्टिकचे डबे सगळ्याच देतात. मी ठरवलं, आलेल्या प्रत्येकीचे थोडा वेळ खांदे दाबून द्यायचे, साडीवरूनच, स्टुलावर बसवून. काय डोकं चालवलं होतं! कपाळ माझं.

बायका खूश. “अगं बाई, मेले गं, तिथेच, तिथेच!” असं चाललं होतं. एक उठली की दुसरी पदर सावरून बसायची. दुसऱ्या दिवशी कॉलनीभर झालं, “तिनं यंदा काय लुटलं माहितीये का? खांदे!” मीही हसले. हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू.

रथसप्तमी उलटली. वाणाचे दिवस संपले, माझं वाण काही संपेना. पहिल्या आल्या समोरच्या वहिनी. “अगं, त्या दिवशी डावी बाजू राहिलीच बघ माझी.” त्यांची डावी बाजू मग महिनोन्महिने राहतच गेली. त्यांच्या मागून बाकीच्या. कोणी गिरणीवर दळण टाकून पीठ होईपर्यंत यायची, कोणी मुलांची बस येईपर्यंत. पैशांचा विषय मी कसा काढणार? वाणात गाळणी देऊन मग तिचं बिल पाठवण्यातला प्रकार. आणि वर मी ‘मॅडम नको, ताई म्हणा’ असं स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. ताई म्हटल्यावर चारचौघांत शोभेल असं वाटलं होतं. तर ताईला कसली वेळ आणि कसली अपॉइंटमेंट!

“तूच बोलावलंस ना सगळ्यांना? मग आता सांग सरळ,” असं नवरा म्हणायचा. सांगायला काय जातंय त्याचं! कंपनीतून आला की पाय पसरून टीव्हीपुढे बसायचं. विरजण मागायला, सासूबाईंजवळ घडीभर बसा म्हणायला त्याच बायकांच्या दारात मला जायचं असायचं.

पण खरं कारण तेवढंच नव्हतं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. टेबलावरून बाई उठली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी. आणि वहिनी दर वेळी मान इकडेतिकडे करून म्हणायच्या, “बरं वाटतंय, पण तेवढ्यापुरतंच गं.” झालं! माझा उरलेला दिवस नासायचा. आपल्याला येत नाही, कोर्स कागदापुरता झाला, डॉक्टरांच्या हाताखालीच बऱ्या होतो, असं काय काय डोक्यात फिरायचं. मोबाइलवर व्हिडिओ लावून मी खांद्याच्या पात्याखालची पकड पुन्हा पुन्हा बघायचे. आणि पुढच्या खेपेला वहिनींच्या त्याच खांद्यावर जीव तोडून राबायचे. फुकट.

कोर्समध्ये शिकवलं होतं, अंगठ्यानं जोर लावू नका, कोपराचा आणि अंगाचा भार द्या. एवढ्या बायका निपटायच्या म्हटल्यावर कुठलं काय! घाईत अंगठाच पुढे जायचा. पावसाळ्यापर्यंत उजवा अंगठा सुजला. भाकरी थापता येईना. तेलानं माखलेल्या चादरी पिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि कितीही धुतल्या तरी त्यांना खवट वास येतच राहायचा. सासूबाई नाकाला पदर लावायच्या. मला स्वतःचीच चीड यायची आणि सकाळी पुन्हा खोलीचं कुलूप उघडायचे.

पैसे देऊन नेमानं येणारी एकच होती. औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत दिवसभर उभं राहून पॅकिंग करायची. दर गुरुवारी पहिली पाळी सुटली की कंपनीच्या कपड्यांतच यायची, फार बोलायची नाही. कमरेचं दुखणं होतं आणि ते खरंच उतरत चाललं होतं, माझ्या हाताला कळत होतं. मी थेरपिस्ट आहे असं मला वाटायचं ते तेवढ्या वेळापुरतं.

एका गुरुवारी ती आली तेव्हा टेबलावर वहिनी. “दोनच मिनिटं गं,” पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाल्या. ती बाहेर गिरणीच्या बाकड्यावर जाऊन बसली. दोन मिनिटांची वीस झाली. मला दाराच्या फटीतून ती दिसत होती, पीठ उडून तिच्या केसांवर बसत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. वहिनी, उठा आता, एवढंच. नाही उघडलं. शेवटी ती दारात आली आणि म्हणाली, “राहू द्या ताई, बस जाईल माझी. घरच्यांचं होऊ द्या आधी.” त्यानंतर ती आली नाही.

“कोण होती गं?” वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही.

दिवाळीच्या आधी खोली सोडली. “नाही ना चालली? मला वाटलंच होतं,” असं म्हणत वहिनींनी चकल्यांचा डबा आणून दिला. मी गंगापूर रोडकडच्या एका वेलनेस सेंटरमध्ये नोकरी धरली. तिथे काचेचं दार, मंद संगीत, मला करडा युनिफॉर्म. वेळ घेतल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत.

दोन महिन्यांनी वहिनी तिथे आल्या. लेकीनं वाढदिवसाला बुकिंग करून दिलं होतं. मला बघून आधी दचकल्या, मग “अगं, तू होय!” म्हणत आडव्या झाल्या. तीच डावी बाजू, पात्याखालची तीच गाठ. मी खोलीत महिनोन्महिने केलं होतं तेच केलं, तसंच केलं. एक दाब कमी नाही की जास्त नाही.

उठून बसल्या. खांदा फिरवून बघितला, पुन्हा फिरवला. “किती हलकं वाटतंय गं! हात छान बसलाय आता तुझा. इथे आल्यावर शिकलीस ना हे? तिकडे असं नव्हतं लागत.”

असा संताप आला! बये, तिकडे तुझ्यापायी अंगठा गेला माझा, असं अगदी ओठावर आलं होतं. तोंडातून निघालं ते “हो, इथे आल्यावरच.” त्या बाहेर काउंटरवर पुढच्या महिन्याची वेळ घेऊ लागल्या. मी चादर बदलत होते, आणि चादर बदलता बदलता खरोखर आठवून बघत होते, की तिकडे माझं नक्की काय चुकत असेल.